बंदूक, वही आणि कॅमेरा: सलीम अलींनी भरतपूरची पाणथळ कशी राखली? त्यांचा कोणता अंदाज चुकला?

हिवाळ्यातील कोणत्याही रविवारी संध्याकाळी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बांधावर कॅमेऱ्यांची रांग लागलेली असते. सूर्य कलतो, झाडांवर करकोचे परततात, बदकांचे थवे पाण्यावरून उठतात आणि शटरचे आवाज सुरू होतात. याच पाणथळीवर एकेकाळी आवाज यायचा तो बंदुकांचा. बंदुकीकडून कॅमेऱ्यापर्यंतच्या या प्रवासात एका मुंबईकराचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव डॉ. सलीम अली. मात्र याच भरतपूरमध्ये त्यांचा एक महत्त्वाचा अंदाज चुकला आणि तो त्यांच्याच संस्थेच्या नोंदींनी खोटा ठरवला. ही सगळी गोष्ट काय आहे, समजून घेऊ.

सलीम अली पक्ष्यांकडे कसे वळले?

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघांचेही निधन झाले होते. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढवले.

त्या काळात अशा घरातील मुलांच्या हाती छऱ्याची बंदूक असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. शाळकरी वयात सलीम यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या घरचिमणीसारखी ती दिसत नव्हती. मामांनी त्यांना चिमणीसह बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव वॉल्टर मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे ओळखलेच, शिवाय कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही मुलाला दाखवला. पुढच्या आयुष्याची दिशा तिथे ठरली.

शिकारीची हौस मात्र लगेच सुटली नाही. त्या पिढीतील पक्षी अभ्यासकांप्रमाणे सलीम अलींनीही अभ्यासासाठी पुष्कळ पक्षी मारले. हातात पक्षी असल्याशिवाय जातीची खात्री करता येत नसे. तेव्हा लांब पल्ल्याची लेन्स नव्हती आणि भारतीय पक्ष्यांची खिशात मावेल अशी सचित्र पुस्तिकाही नव्हती.

पदवी नसताना पक्षीशास्त्रज्ञ कसे झाले?

सलीम अली अभ्यासात फारसे चमकले नाहीत. १९१३ मध्ये मॅट्रिक झाले आणि कॉलेज अर्धवट सोडून ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय पाहायला गेले. धंदा जमला नाही. भोवतीच्या जंगलातले पक्षी पाहण्यात मात्र वेळ चांगला गेला. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. सकाळी व्यापाराचे शिक्षण आणि दिवसा सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्र, असा काही काळ गेला. १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षीशास्त्रज्ञाची जागा पदवी नसल्याने त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड लेक्चररची नोकरी लागली. आपले शिक्षण अपुरे आहे हे जाणवल्यावर ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमन हे त्यांचे गुरू झाले. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर त्यांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम पाहिले. पुढे तीस वर्षांनी हेच तंत्र भरतपूरमध्ये उपयोगी पडले.

१९३० मध्ये परत आले, तेव्हा पैशांअभावी त्यांची म्युझियममधील जागाच रद्द झाली होती.

किहीमच्या सुगरणींनी काय शिकवले?

नोकरी नाही आणि मुंबईचा खर्च परवडत नाही, म्हणून सलीम आणि तहमिना अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात सुगरणींची घरटी बांधून होईपर्यंत ते रोज तासन् तास बसून नोंदी करत राहिले.

सुगरण पक्ष्याचा नर अर्धवट घरटे बांधतो. मग माद्या येतात आणि घरटी आतून-बाहेरून तपासतात. एखादी मादी घरटे पसंत करते, तेव्हाच त्या दोघांची जोडी जमते. मादी अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. म्हणजे घरटे बांधतो नर, पण निवड मादीची असते. सलीम अलींच्या या अभ्यासाने जगभरातील अभ्यासकांचे लक्ष वेधले.

या अभ्यासाला महागडे उपकरण लागले नव्हते. एकाच जागी बसणे, एकेका पक्ष्यावर लक्ष ठेवणे आणि वेळेसह लिहिणे, एवढेच भांडवल होते. पुढची पन्नास वर्षे सलीम अलींनी हीच पद्धत वापरली.

त्यानंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. स्वतःला पगार नको, फक्त मोहिमेचा खर्च द्यावा, अशी त्यांची अट असे. तहमिना मुक्कामांवर त्यांच्यासोबत असत. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना यांचे निधन झाले. सलीम अली त्यानंतर वांद्र्याच्या पाली हिलवर बहिणीच्या कुटुंबासोबत राहिले आणि कामात बुडून गेले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले. सामान्य वाचकाला बंदुकीशिवाय पक्षी ओळखता येईल, असे ते पुस्तक होते. तुरुंगात असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी ते मुलगी इंदिरा यांना पाठवले होते. पुढे भरतपूरच्या बाबतीत दिल्लीत सलीम अलींचे म्हणणे ऐकले गेले, त्याचे एक कारण पक्ष्यांबद्दलची ही आवड होती.

कॅमेरा या गोष्टीत कुठून आला?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिंगापूरहून निघालेले एक श्रीमंत तरुण मुंबईत आसऱ्याला आले. त्यांचे नाव लोके वान थो. पुढे ते आग्नेय आशियातील चित्रपटगृहांच्या व्यवसायातील मोठे नाव झाले. त्यांना पक्ष्यांचा आणि छायाचित्रणाचा नाद होता. सलीम अलींशी त्यांची मैत्री जमली आणि दोघांनी मिळून अनेक मोहिमा केल्या.

दोघांची कामाची पद्धत वेगळी होती. लोके मचाणावर किंवा आडोशामागे जड कॅमेरा लावून एका छायाचित्रासाठी दिवसभर थांबत. सलीम अली तेवढ्या वेळात सगळा परिसर पालथा घालून वही भरत. पण दोघांनाही एक गोष्ट लागत असे, ती म्हणजे पक्ष्याला न बिथरवता त्याच्याजवळ राहणे. लोके यांचे छायाचित्रांचे पुस्तक १९५७ मध्ये आले. १९६४ मध्ये तैवानमधील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

१९४५ मध्ये सलीम अली कच्छच्या मोठ्या रणात फ्लेमिंगोंच्या विणीच्या वसाहतीत पोहोचले. खाऱ्या उथळ पाण्यात चिखलाची उंचवट्यासारखी घरटी दूरवर पसरलेली होती. त्यांनी मोजणीचा आधार घेऊन अंदाज मांडला, तेव्हा घरट्यांची संख्या लाखावर गेली. एवढे पक्षी एका ठिकाणी पाहून कोणीही थक्क होईल. सलीम अलींनी मात्र आधी आकडा काढला.

भरतपूरला एवढे पक्षी का येतात?

केवलादेव ही पूर्णपणे नैसर्गिक पाणथळ नाही. सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा भाग मुळात बशीसारखा खोलगट आहे. गंभीर आणि बाणगंगा नद्यांचे पुराचे पाणी इथे साचत असे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बंध बांधला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बदकांच्या शिकारीसाठी छोटे बांध, कालवे आणि झडपा तयार करून पाण्याचे कप्पे पाडण्यात आले. आतल्या महादेवाच्या मंदिरावरून केवलादेव हे नाव पडले.

पावसाळ्यात पाणी सोडले की मासे, बेडूक, कीटक वाढतात. त्याच सुमारास पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक, बगळे आणि पाणकावळे घरटी करतात. पिल्लांना भरवायला अन्न हाताशी असते आणि झाडाखाली पाणी असल्याने शिकारी प्राण्यांपासून बचाव होतो. हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियातून बदके, हंस येतात. उन्हाळ्यात पाणी आटते आणि पुढच्या पावसाची वाट पाहिली जाते. या उद्यानात ३५० हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

संध्याकाळी गर्दी होते त्यालाही कारण आहे. दिवसभर बाहेर चरणारे बगळे, शराटी आणि करकोचे त्या वेळी झाडांवर मुक्कामाला परततात. अनेक बदके उलट, अंधार पडताना चरायला बाहेर पडतात. तिरप्या उन्हामुळे पिसांचा पोत आणि रंग छायाचित्रात उठून दिसतात. मोजणी करणाऱ्यालाही हीच वेळ सोयीची. दिवसभर विखुरलेले पक्षी एका जागी येतात, त्यामुळे येणारे थवे मोजता येतात.

पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जागा व्हाइसरॉय आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होती. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा उद्यानातील दगडावर कोरलेला आहे आणि आजही पर्यटक त्याचा फोटो काढतात.

स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ कशी वाचली?

संस्थान विलीन झाल्यावर एक साधा प्रश्न उभा राहिला. राजाच्या शिकारीसाठी एवढे पाणी आणि एवढी जमीन का अडवून ठेवायची? तलाव कोरडा करून जमीन शेतीला द्यावी आणि पाणी सिंचनाला वापरावे, अशी मागणी होती. धान्याची टंचाई असलेल्या देशात ती चुकीची वाटणे कठीण होते.

सलीम अलींनी हा विषय थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेला. तलाव वाचला आणि त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. माजी महाराजांचे शिकारीचे हक्क मात्र १९७२ पर्यंत कायम होते. म्हणजे कागदावर अभयारण्य आणि प्रत्यक्षात अधूनमधून शिकार, अशी अनेक वर्षे गेली.

याच काळात सलीम अलींनी भरतपूरला संशोधनाचे केंद्र बनवले. १९५९-६० पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसचा स्थलांतर अभ्यास सुरू झाला. पक्षी दूरवरून रोगाचे विषाणू आणतात का, हा त्यामागचा एक प्रश्न होता. पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडण्याचे काम करणारे बिहारचे मीरशिकार या कामात आले. पक्ष्याला इजा न करता पकडण्याचे त्यांचे कसब कोणत्याही पुस्तकात नव्हते. पकडलेल्या पक्ष्याच्या पायात क्रमांक असलेली हलकी कडी घालायची, मापे घ्यायची आणि सोडून द्यायचे. कड्यावर मुंबईच्या संस्थेला कळवा, असा इंग्रजी मजकूर असे. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे सोव्हिएत संघाच्या दूरच्या भागांत सापडली, तेव्हा हा पक्षी नेमका कुठून येतो याचा पुरावा हाती आला.

१९६८ ते १९७४ या काळात अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासोबत सलीम अलींनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. जे. पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्ग संरक्षणाच्या निधीला दिली. १९८१ मध्ये केवलादेव रामसर स्थळ झाले आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान.

मग अंदाज कुठे चुकला?

राष्ट्रीय उद्यान झाले की आत गुरे चारता येत नाहीत. आसपासच्या गावांतील लोक पिढ्यान् पिढ्या इथे म्हशी चारत होते. गुरांमुळे पाणथळीचे नुकसान होते, असे वनखात्याचे आणि अनेक पक्षी अभ्यासकांचे मत होते. सलीम अली आणि त्यांचे सहकारीही चराईबंदीच्या बाजूचे होते. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये चराई बंद झाली. पर्यायी चाऱ्याची पुरेशी सोय नव्हती. गावकरी आणि पोलिसांत संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे बळी गेले.

ही पाणथळीच्या इतिहासातील सर्वांत दुःखद घटना आहे. आणि ज्या हेतूने बंदी आली, तो हेतूही साधला नाही.

बीएनएचएसने १९८० पासून भरतपूरमध्ये दीर्घकालीन अभ्यास सुरू केला होता. शास्त्रज्ञ दर महिन्याला पाण्याची खोली, वनस्पती, मासे आणि पक्षी यांच्या नोंदी घेत होते. त्यामुळे बंदीच्या आधीची आणि नंतरची आकडेवारी शेजारी ठेवून पाहता आली. म्हशी पाण्यातले गवत खात होत्या आणि त्यांच्या वावरामुळे उघडे पाणी टिकत होते. म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम नावाचे गवत झपाट्याने पसरले. उघडे पाणी कमी झाले आणि पोहणाऱ्या, डुबकी मारणाऱ्या पक्ष्यांना जागा उरेना. वाळलेले गवत साचून तळ उथळ होऊ लागला. म्हशींची चराई या पाणथळीच्या व्यवस्थेचा भाग होती, हा निष्कर्ष १९९१ च्या अहवालात मांडला गेला. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली.

सलीम अलींचे २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. हा अंतिम अहवाल त्यांना पाहता आला नाही. पण तो त्यांनी घडवलेल्या संस्थेने, त्यांनी रुजवलेल्या नोंदीच्या पद्धतीने तयार केला. संस्थेने आपल्याच सर्वांत मोठ्या माणसाचे मत आकडेवारीसमोर बाजूला ठेवले. किहीमच्या सुगरणींपासून सुरू झालेल्या शिस्तीचा यापेक्षा ठोस पुरावा मिळणे कठीण.

महाराष्ट्र आणि गोव्याशी काय संबंध?

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळचे नांदूर मधमेश्वर महाराष्ट्राचे भरतपूर म्हणून ओळखले जाते. २०२० मध्ये ते राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. भरतपूरप्रमाणेच हीदेखील माणसाने पाणी अडवल्यामुळे तयार झालेली पाणथळ आहे. आजूबाजूला शेती आहे आणि पाण्याचे वेळापत्रक सिंचनावर ठरते. म्हणजे पक्षी, शेतकरी आणि पाणी यांचा तोच प्रश्न इथेही आहे.

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरच्या खारफुटीत सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी आणि छत्रपती संभाजीनगरात सरोवराला त्यांचे नाव आहे. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापासून १२ नोव्हेंबरपर्यंत राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा होतो.

आज भरतपूरची स्थिती काय?

अडचण पुन्हा पाण्याचीच आहे. गंभीर नदीवरील पांचना धरणाचे पाणी शेतीला द्यायचे की उद्यानाला, यावरून २००४ च्या सुमारास मोठा वाद झाला आणि उद्यान कोरडे पडले. पाणी नसले की करकोचे घरटी करत नाहीत. त्यानंतर चंबळ आणि गोवर्धन नाल्यातून पाणी आणण्याच्या योजना राबवण्यात आल्या. ज्यांच्यासाठी भरतपूर जगभर ओळखले जायचे, ते सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर इथे आलेले नाहीत. स्थलांतराच्या वाटेवरील शिकार आणि पाणथळींचा ऱ्हास ही त्यामागची मोठी कारणे मानली जातात.

क्रौंचांची संख्या वर्षागणिक कशी घटत गेली, हे कळते ते त्या वर्षांत कोणीतरी मोजून लिहून ठेवले म्हणून. बांधावर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही हे काम करता येते. छायाचित्रासोबत तारीख, वेळ, जागा आणि थव्यातील पक्ष्यांची संख्या ईबर्डसारख्या ॲपवर नोंदवली, तर ती अभ्यासकांच्या उपयोगी पडते. पक्ष्याच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसली, तर झूम करून तिचा क्रमांक टिपता येतो आणि बीएनएचएसला कळवता येतो. त्यासाठी आता पक्षी हातात धरावा लागत नाही. घरट्याजवळ न जाता आणि पक्ष्याला न उडवता, दुरून घेतलेली एक स्पष्ट चौकट पुरते.

दरवर्षी जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते. ती १९८७ मध्ये, म्हणजे सलीम अलींच्या निधनाच्याच वर्षी सुरू झाली. जवळच्या तलावावर गणना असेल, तर स्वयंसेवक म्हणून कोणालाही सामील होता येते.